मोरीचा डाळिंबी रंग

दिवाळी तोंडावर आली होती, म्हणून नाथा आणि त्याची सून योगिनी मोरीसाठी रंग घ्यायला गेले. सिडकोतलं त्यांचं घर बैठं, जुनं. मोरीला फरशा कधी बसवल्याच नव्हत्या. गिलाव्यावर पांढरा ऑइलपेंट होता, त्याचेही आता पोपडे निघत होते.

दुकानदाराने रंगांचं कार्ड पुढे सरकवलं. योगिनीचं बोट फिकट रंगांवरून फिरत होतं.

"बाबा, क्रीम घेऊया? बाथरूममध्ये उजेड वाटेल."

"नको," नाथा सावकाश म्हणाला. "उबदार पाहिजे. ठसठशीत. तिला तसाच पाहिजे होता."

"पण त्यातला कोणता?"

 बायकोला कोणता रंग आवडला होता, तेच नाथाला ठाऊक नव्हतं.

लंकाबाई येवल्याची. माहेरी पैठणीचे माग होते. रंगवलेल्या रेशमाच्या ओल्या लडी दांडीवर वाळत घालणं हे तिचं लहानपणचं काम, त्यामुळे रंग म्हटला की तिचे डोळे लकाकायचे. लग्न होऊन ती नाशकात आली ती पांढऱ्या भिंतींच्या घरात. नाथा एसटीच्या वर्कशॉपात. दिवसभर ऑइल-ग्रीसमध्ये हात काळे करणाऱ्या माणसाला भिंतींचं काय पडलंय? "या मोरीत न्हाताना दवाखान्यात न्हातेय असं वाटतं," लंकाबाई म्हणायची. शेवटी मागच्या वर्षी तिने स्वतःच छोटे डबे आणले आणि मोरीत खिडकीशेजारी तीन पट्टे ओढले. हळदी, शेंदरी आणि डाळिंबी.

मग हाका सुरू झाल्या.

"अहो, जरा येता का? सकाळच्या उजेडात बघा, कोणता खुलतो ते."

"मोरीला काय नवरीसारखी नटवायचीय?"

"नटवली तर तुमचं काय जातंय? तुम्ही दोन तांबे ओतून पळता. मी न्हाते तिथं."

तो गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती न्हायला गेली. घरात दुसरं कोणी नव्हतं. नाथा बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसला होता. आतून धप्प असा काहीतरी आवाज झाला. बादली सरकली असेल, असं त्याला वाटलं. मग हाक आली.

"अहो... जरा येता का?"

पुन्हा तेच पट्टे. नाथाने पेपरचं पान उलटलं.

"अहो..."

आवाज बारीक झाला. थोड्या वेळाने आणखी बारीक. नाथाला वाटलं, रुसली. रुसू दे, घटकाभराने येईल चहा टाकायला.

मोरीच्या दाराखालून पाणी वाहत त्याच्या पायापर्यंत आलं, तेव्हा तो उठला.

लोक जमले. मुलगा आणि सून कामावरून धावत आले. "बाबा, आईंनी हाक नाही का हो मारली?" योगिनीने रडत विचारलं होतं. नाथा म्हणाला, "मला काही ऐकू आलं नाही." तेवढंच. त्यानंतर ते कोणी विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही.

एक गोष्ट तेवढी राहून गेली. न्हायच्या आधी लंकाबाई कपाळावरची टिकली काढून आरशाशेजारी भिंतीला चिकटवायची. त्या दिवशी तिने मोठी टिकली लावली होती, डाळिंबी, सोनेरी कडेची. ती आरशापाशी नव्हती. बायकांनी बादलीत पाहिलं, मोरीच्या जाळीत पाहिलं. सापडली नाही. शेवटी कोरं कपाळ कुंकवाने भरून त्यांनी सवाशिणीला निरोप दिला.

तेव्हापासून नाथा दाराकडे तोंड करून अंघोळ करायचा. त्या पट्ट्यांकडे पाठ.

"शेंदरी द्या," तो दुकानदाराला म्हणाला. देवाचा रंग, चुकायचा नाही.

रंगारी किशोर आला. त्याने भिंती खरवडल्या, आरशाशेजारच्या जुन्या टिकल्या खरवडल्या, भेगांत लांबी भरली आणि शेंदरी रंग दिला. दुसऱ्या दिवशी पाहतात तर हळदी पट्टा गेलेला, शेंदरी तर मिसळूनच गेलेला, पण डाळिंबी पट्टा जसाच्या तसा वर आलेला.

"ओल धरली असंल बाबा," किशोर म्हणाला. "अजून एक हात मारतो. लय हट्टी दिसतो हा."

त्याने आणखी एक हात मारला. पट्टा पुन्हा वर आला, आधीपेक्षा गडद.

 नाथा चपला घालून एकटाच दुकानात गेला आणि डाळिंबी रंग घेऊन आला. तो मात्र भिंतीने लगेच धरला.

"अख्ख्या गल्लीत अशी मोरी नाय," किशोर ब्रश धूत म्हणाला. "आता पाहुणे चहासुद्धा इथंच घेतील बघा!"

योगिनी हसली. नाथाही हसला, फार दिवसांनी. सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं, तेव्हा भिंतींचा रंग बादलीतल्या पाण्यात उतरला. सगळी मोरी आतून पेटल्यासारखी झाली. दारात उभं राहून तो हळूच म्हणाला, "बघितला गं. हाच खुलतो." आणि त्याला वाटलं, झालं. फिटलं.

त्याच दुपारी योगिनी बाजाराला गेली. नाथा बाहेरच्या खोलीत, त्याच खुर्चीवर. घरात रंगाचा वास कोंदला होता. हळूहळू त्या वासाखालून दुसरा वास येऊ लागला. शिकेकाईचा. घरात आता शिकेकाई कोणी लावत नव्हतं.

मग आवाज आला. अगदी बारीक. त्या दिवशी ज्या जागी तो थांबला होता, तिथूनच पुढे सुरू झाल्यासारखा.

"अहो..."

या वेळी नाथा उठला. थेट मोरीपाशी गेला. दार उघडंच होतं. आत कोणी नव्हतं, नळ बंद, जमीन कोरडी.

भिंतीवर, अगदी खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक टिकली चिकटली होती. डाळिंबी, सोनेरी कडेची.

तिथे उभ्या माणसाचा हात पोचत नाही. बसलेला माणूसही तिथे टिकली लावणार नाही. नाथा गुडघ्यावर टेकला, मग कुशीवर आडवा झाला, आणि मग त्याचा हात सहज तिथे पोचला. बोट लावलं. टिकली कोमट होती. मागचा डिंक ओला होता.

"आलो गं..." तो म्हणाला. कोणी ओ दिली नाही.

त्याने टिकली काढून तिच्या डबीत ठेवली. दुसऱ्या दिवशी डबी रिकामी होती, आणि टिकली भिंतीवर होती, बोटभर वर. तिसऱ्या दिवशी आणखी वर. नाथाने मग ती काढणं सोडून दिलं. कुणीतरी भिंतीला धरून, सावकाश, उठायचा प्रयत्न करत होतं.

तो आता रोज सकाळी मोरीच्या दाराशी स्टूल टाकून बसतो. त्या दिवशी बारीक होत गेलेली हाक आता दिवसागणिक मोठी होतेय. ती उभी राहिली की आधी काय करेल, हे त्याला कळत नाही. हात मागेल, की काही विचारेल?

काल योगिनी पोळ्या लाटता लाटता थांबली. मोरीच्या दिशेने बघत राहिली.

"बाबा... तुम्हाला कोणी हाक मारली का?"

नाथाचे ओठ हलले. खरं सांगायची वेळ पुन्हा एकदा दाराशी आली होती.

"नाही," तो म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही."

आतून काहीतरी धप्प झालं. योगिनी धावली, नाथा तिच्या मागे. मोरी रिकामी होती. टिकली आदल्या दिवशी कमरेइतक्या उंचीवर पोचली होती. आता ती पुन्हा जमिनीपासून वीतभर उंचीवर होती.

आणि तिच्या शेजारी, डाळिंबी रंगात, खालपर्यंत ओढत गेलेले पाच बोटांचे ठसे होते. रंग वाळून महिना झाला होता, पण ते ठसे ओले होते.