चौथ्या खणावरची पट्टी

निता, ते दार जरा लोटून घे. कडी नको लावू, नुसतं लोट. आणि उजैर, तो मोबाईल खिशात ठेव, तोंडावर उजेड पडला की तूच भुतासारखा दिसतोस.

आधीच सांगून ठेवतो, मी भूत मानत नाही. आमच्या घरात छप्पन्न साली दीक्षा घेतल्यापासून कोणी मानत नाही. छत्तीस वर्षं शाळेत पोरांना शिकवलं, की चिंचेखाली दिसतो तो अंधार असतो, दुसरं काही नाही. आजही विचाराल तर तेच सांगेन. पण कामरगावच्या धम्मपालच्या घरी कागदाची एक पट्टी आहे, दोन बोटं रुंद. ती मी याच चष्म्यातून वाचली. पूर्वी असल्या गोष्टींवर मी हसायचो. आता हसत नाही, एवढाच फरक.

धम्मपाल लग्नाचं शूटिंग करतो. दहा वर्षांतली शेकडो लग्नं त्याच्याकडे साठलेली. लोक कधीही येतात, म्हणतात आमच्या आजीचा नाचतानाचा तुकडा काढून दे, म्हातारी गेली. म्हणून तो काही पुसत नाही. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर तो छोटा हत्ती घेऊन मंगरूळपीरला गेला, सैफुद्दीनच्या भंगाराच्या दुकानात. नागपूरकडच्या कुठल्या कंपनीनं बदललेले जुने सर्व्हर सैफुद्दीनकडे येतात. चपटी, लांब पेटी. दोघांना उचलावी लागते. चालू केली की पिठाच्या गिरणीसारखी घोंगावते.

सैफुद्दीननं त्याला समजावलं, "कंपनीसाठी बुढी झाली भौ, तुह्या घरासाठी आजून जवान हाये. हे आठ खन पाय. सात खनाईत माल वाटून ठेवते. म्हंजे कोनती बी चीज एका खनात नसते, थोडी थोडी साताईत असते. आठवा कोरा. तो नुसता बसून राह्यते. एखादा खन मेला का हा उठते, अन् बाकीच्याईले इचारून इचारून गेलेल्याची जागा भरून काढते."

"मंग कोनी कायमचं जातच नाई म्हना," धम्मपाल म्हणाला.

सैफुद्दीन हसला. त्याला माहीत होतं धम्मपाल कोणाबद्दल बोलतोय. सपनाबद्दल. सपना त्याची पहिली बायको. बावीस साली, पोळा झाला आणि पंधरा दिवसांत काविळीनं गेली. गुणाची पोर. माझ्याच हाताखाली शिकलेली. तिचं अक्षर मोत्यासारखं, पण एक खोड. शब्द संपला की वरची रेघ ती पुढे ओढायची आणि टोकाला खाली वळवायची, विळ्यासारखी. ती चौथीत असताना मी हातावर छडी मारली, तरी तिनं सोडली नाही. धम्मपालच्या स्टुडिओचा सगळा पसारा तीच लावायची. प्रत्येक डिस्कवर तिच्या हातची पट्टी: कारंजा, मानोरा, मंगरूळ, आणि एकावर "घर". "घर"मध्ये त्यांचं स्वतःचं असायचं, पोहरादेवीची यात्रा, अंगणातली भाकर, असलं.

आता चूक इथं झाली. नव्या पेटीत माल भरला, जुन्या डिस्क रिकाम्या झाल्या, तेव्हा धम्मपालनं त्या पट्ट्या अलगद सोलून काढल्या आणि नव्या खणांवर चिकटवल्या. त्यांना आता काही अर्थ नव्हता. कोणत्या खणात कारंजा आणि कोणत्यात घर, असं काही उरलंच नव्हतं. पण टाकून देववेना. मला पेटी दाखवायला बोलावलं तेव्हा मी पाहिल्या त्या. चौथ्या खणावर "घर". पट्टीवर दुसरं अक्षर नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

पल्लवी मात्र त्या पट्ट्या रोज पाहायची.

पल्लवी दुसरी बायको. मानोऱ्याकडची, बारावी शिकलेली, कामाला वाघीण. लग्न झाल्यावर तिनं एकच गोष्ट मागितली, भिंतीवरचा सपनाचा फोटो उतरवा. उतरवला. ट्रंकेत गेला. पण धम्मपाल रात्री मागच्या खोलीत सर्व्हरपाशी जाऊन बसायचा, काम आहे म्हणायचा. एकदा ती चहा घेऊन गेली, तर आतून बाईचा आवाज. "पुरे करा ना आता, भाकर जळते." आणि हसणं. पल्लवीनं चहा दारातच ओतून दिला.

जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. झिंज्या धरता येतात. मेलेल्या सवतीचं काय करणार? तिची भाजी कधी करपत नाही, तिचं वय वाढत नाही, ती कधी उलटून बोलत नाही. पल्लवी आतून नुसती जळत होती. आमच्या हिच्यापाशी येऊन रडली, "मले काई सोनंनाणं नाई पायजे काकू. ह्या घरात एक कोपरा तं निस्ता माहा असू द्या."

ती रात्र एकोणीस नोव्हेंबरची. बुधवार. अवस होती म्हणतात, मी पंचांग पाहत नाही. धम्मपाल कारंजाला रिसेप्शनच्या शूटिंगला गेला होता, पहाटेशिवाय येणार नव्हता. रात्री पावणेबाराला पल्लवी उठली, मागच्या खोलीत गेली. पेटीचे सात दिवे हिरवे लुकलुकत होते. आठवा शांत. तिनं चौथ्या खणाचा खटका दाबला आणि डिस्क ओढून बाहेर काढली.

पेटी ओरडायला लागली. टीं… टीं… टीं…

तिनं लक्ष दिलं नाही. ती "घर"ची पट्टी लावलेली डिस्क हातात घेऊन परसात गेली. परसात विहीर आहे. मोटार बसवल्यापासून तिच्यावर कोणी पाणी ओढत नाही. वरचं लोखंडी चाक आहे, पण त्याचा दोर कधीच काढून टाकलेला. पल्लवीनं काठावर उभं राहून डिस्क आत टाकली. डुबुक आवाज आला. ती मला म्हणाली, "गुरुजी, खोटं कायले बोलू? मले लय बरं वाटलं."

परत आली. पेटी ओरडतच होती. चौथ्या खणाची जागा काळी, दात पडल्यासारखी. आणि आठव्या खणाचा दिवा…

आठवा दिवा लुकलुकत होता.

बाजूच्या स्क्रीनवर आकडा आला. एक टक्का. थोड्या वेळानं दोन. तिनं घाबरून धम्मपालला फोन लावला. मागे डीजे दणाणत होता.

"अहो, एक खन बंद पडला. हे काय करून राह्यली?"

"भिऊ नको. पेटी आठवा खन भरून राह्यली."

"कायनं भरून राह्यली?"

"जे गेलं ते बाकीच्याईले आठवते ना. ते सांगतात, हा लिहिते."

तिनं पेटीच्या बटणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी बटन बंद करतो."

"येडी झाली काय? हात नोको लावू! तुहं लगन बी त्याच्यातच हाये. साऱ्याईचं सारं एकमेकात मिसळेल हाये, पल्लवी. एकीले काढता येत नाई."

फोन ठेवला. ती मधल्या खोलीत येऊन भिंतीला टेकून बसली. एकीले काढता येत नाई. हे तिला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. जिला विहिरीत टाकलं, तिला पेटी आतल्या आत पुन्हा घडवत होती. एकेक टक्का. आणि तिच्या स्वतःच्या लग्नातले तुकडे वापरून घडवत होती. बंद करावं तर स्वतःचंही जाणार.

एक वाजला. दीड वाजला. टीं… टीं… टीं…

दोन वाजून दहा मिनिटांनी परसातून आवाज आला.

कर्र.

ती ताठ झाली. कुत्रं असेल.

कर्र… कर्र…

विहिरीचं चाक. कोणीतरी पाणी ओढत होतं. सावकाश. नेहमी ओढणाऱ्या बाईसारखं, दोन हात ओढून जरा थांबायचं, मग पुन्हा दोन हात. पण चाकाला दोर नव्हता… हे तिला ठाऊक होतं.

चाक थांबलं.

आता पावलं. ओली. फरशीवर पच्… पच्… मागच्या खोलीचं परसाकडचं दार तिनं लावलं होतं. कडी घातली होती. स्वतःच्या हातानं. ती आठवत होती, घातली ना? घातली.

दार वाजलं नाही. कडी वाजली नाही.

पावलं आत होती.

पल्लवीनं तोंडात पदर कोंबला. मधलं दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून हिरवा उजेड येत होता, आणि त्या उजेडापुढं काहीतरी आलं. उजेड अर्धा झाला. मग…

"कोन…" ती म्हणाली. एवढंच.





मग एक आवाज. खट्. खण बसल्याचा.

पेटीचं ओरडणं थांबलं.

धम्मपाल साडेचारला आला, तेव्हा ती तिथंच बसलेली होती, भिंतीला टेकून, डोळे उघडे. तिनं त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो मागच्या खोलीत गेला. परसाकडच्या दाराची कडी आतून घातलेली. आठव्या खणाचा दिवा शांत. आणि चौथ्या खणात डिस्क बसलेली. थेंब, थेंब पाणी गळत होतं तिच्यातून.

उजाडता उजाडता तो माझ्या दारात. "गुरुजी, चाला. तुमीच वाचा." मी चप्पलसुद्धा उलटीसुलटी घालून गेलो.

पेटीपुढं वाकलो. पट्टी ओली होती, पण शाई फुटली नव्हती, आणि आता तिच्यावर एक शब्द जास्त होता. धम्मपाल म्हणाला, "पल्लवीनं तं लेहलं नसंन?" पल्लवी दारात उभी. तिचं अक्षर मला माहीत आहे, बचतगटाच्या वहीत पाहिलंय, तिरकं पडतं. हे सरळ होतं. वरची रेघ पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एका हातानं ओढलेली, मध्ये कुठं तुटलेली नाही, आणि टोकाला खाली वळलेली. विळ्यासारखी. ज्या हातावर मी छडी मारली, तो हात मी ओळखणार नाही?

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पल्लवीच बोलली, हळूच, माझ्या खांद्यावरून वाकून. "मले वाटे मीच एकटी जळून राह्यलो. ते बी जळत व्हती, गुरुजी."

दुपारी तिनं ट्रंकेतला सपनाचा फोटो काढला, पदरानं पुसला आणि स्वतः स्टुलावर चढून भिंतीवर लावला. त्यानंतर चाक वाजलं नाही. चौथ्या खणाला मात्र दोघांपैकी कोणी हात लावत नाही.

पट्टीवर काय होतं, ते विचारताय? "घर" होतं तिथंच होतं. त्याच्या आधी एक शब्द आला होता, त्याच शाईत, त्याच रेघेत. अजून आहे, जाऊन पाहा.

"दोघींचं घर."