शुक्रवारचा फोन

हडपसरहून पूलगेटला निघालेल्या सहा आसनी रिक्षात आधीच आठ माणसं होती. नववा चढला तो एक भलीमोठी लांबुळकी बॅग घेऊन. ती बॅग पूर्वाच्या आणि त्याच्या मधे इतकी ऐसपैस बसली, की मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईंनाही तसं जमलं नसतं.

"अहो, हिचे वेगळे पैसे द्यावे लागतील हं," पूर्वा म्हणाली.

"देतो की. विमानातसुद्धा देतो. सवय आहे."

आवाज ओळखीचा वाटला. पण अमेरिकेला निघालेल्या इंजिनिअरांना दिवसभर आयटी पार्कात तिकिटं पोचवून पूर्वा इतकी दमली होती, की कुणाचा आवाज ते शोधत बसायचंही तिच्या जिवावर आलं. बाहेर भुरभुर चालू होती. रिक्षाच्या ताडपत्रीतून एक थेंब नेमका तिच्या मानेवर टपकत होता. शेजाऱ्याने बॅग जराशी तिरकी केली, आणि थेंब बॅगेवर पडू लागला.

मग त्याने मोबाइल काढून नंबर लावला. पूर्वाच्या पर्समध्ये फोन वाजला.

"हॅलो, पूर्वा मॅडम? मी अभय ओव्हाळ बोलतोय."

पूर्वाने फोन कानाला लावूनच बॅगेवरून मान उंच केली. "बोला. पण जरा हळू. मी शेजारीच बसलेय."

रिक्षातली सगळी माणसं हसली. तो मात्र फोन कानाला तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला.

"तुम्ही... फोनवर वयाने मोठ्या वाटता," शेवटी तो म्हणाला.

"आणि तुम्ही लहान वाटता."

अभय ओव्हाळ, राहणार येरवडा, धंदा गोल्फ. बुधवार पेठेत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या वर पूर्वाचं ट्रॅव्हल ऑफिस होतं. तिथून गेली तीन वर्षं ती त्याला मलेशियाला, तैवानला, कुठेकुठे पाठवत होती. तिकीट न्यायला त्याचा भाऊ यायचा. अभय म्हणजे तिच्यासाठी नुसता आवाज होता, तोही शुक्रवारचा. कारण या खेळाची रीतच तशी. गुरुवारी नि शुक्रवारी सगळे खेळतात. शुक्रवारी संध्याकाळी निम्मे गळतात, त्याला कट म्हणतात. उरलेले शनिवार-रविवार खेळून पैसे मिळवतात. गळालेल्यांनी स्वतःच्या खर्चाने हॉटेलात राहायचं, नाहीतर घर गाठायचं.

म्हणून शुक्रवारी फोन आला की समजायचं, गडी गळाला. "पूर्वा मॅडम, परतीची तारीख अलीकडे घ्या," एवढंच तो म्हणायचा. ती "बरं" म्हणायची. मग उगाच, "पाऊस आहे का तिकडे?" आणि तो तिकडचा पाऊस सांगत बसायचा. चटणी कुठल्या देशात संपली ते सांगायचा. पूर्वाला पुढचा अख्खा आठवडा ते पुरायचं.

इथेच तिची पंचाईत होती. फोन येऊ नये, असं ती मनापासून म्हणायची. आणि शुक्रवारी सहा वाजले की फोनपासून हलायची नाही.

पूलगेटला उतरून दोघं एका टपरीच्या छपराखाली चहाला थांबले. बॅग त्याने डाव्या खांद्यावर घेतली होती. उजवा खांदा तो जपत होता, हे तिने बघितलं.

"तिकीट काढायचंय ना?" तिने विचारलं.

"हो. क्वालालंपूर. सीझनची शेवटची स्पर्धा. यात कट हुकला तर टूरचं कार्ड जाईल, म्हणजे पुढच्या सीझनला खेळायलाच मिळणार नाही." त्याने चहा फुंकला. "हडपसरला ती नवी टाउनशिप होतेय ना, तिथे कोच म्हणून बोलावलंय. आज इंजिनिअर लोकांना काठी कशी धरायची ते शिकवून आलो. चांगली माणसं आहेत. बॉल सोडून सगळ्याला मारतात."

पूर्वा हसली. तो हसला नाही.

"मॅडम, या वेळी परतीची तारीख शुक्रवारचीच टाका."

"आधीच?"

"दर वेळी सोमवार टाकतो नि शुक्रवारी तुम्हाला त्रास देतो. दमलोय हो. हरण्याचं काही नाही... पण दर वेळी आशा धरायची, तिनेच दमायला होतं."

हे तो सर्दी झाली म्हणून सांगावं तसं बोलला. पूर्वाने चहाचा ग्लास खाली ठेवला. रोज शेकडो माणसांना आकाशात चढवून स्वतः धायरीच्या बसला लोंबकळणाऱ्या बाईला दमणं काय ते सांगावं लागत नाही. "टाकते. निघते आता, धायरीची बस चुकेल," ती म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी तिने सोमवार टाकला.

ऑफिसचे मालक श्रीनिवासराव चष्म्याच्या वरून बघत होते. "पूर्वाबाई, गिऱ्हाईकाने शुक्रवार सांगितला होता ना? की आपण आता तिकिटाबरोबर आशीर्वादही द्यायला लागलो?"

"चुकून पडला."

"असं? मग चुकून हसताय कशाला?"

तिकीट भाऊ घेऊन गेला. विमानतळावर तारीख बघून अभय चिडेल, फोन करेल, असं तिला वाटलं होतं. फोन आला नाही.

मग तो शुक्रवार आला. सहा वाजले, साडेसहा वाजले. खालच्या दुकानात नव्या टीव्हीचा आवाज तपासून झाला. श्रीनिवासरावांनी कुलूप हातात घेऊन दोनदा खाकरून दाखवलं. फोन वाजला नाही... म्हणजे तो टिकला. पूर्वा जिना उतरली, दगडूशेठपाशी बाहेरूनच हात जोडले, आणि पेढे घेतले. बसमध्ये पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसल्यावर तिला कळलं, की आता तो जिंकत राहणार, पुढचे शुक्रवारही असेच मुके जाणार, आणि तरी आपल्याला आनंद झालाय. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि जरा रडून घेतलं.

मंगळवारी दुपारी जिन्यावर काहीतरी आपटत आपटत वर आलं. आधी बॅग दारातून आत शिरली, मग अभय.

"बसा, बसा," म्हणत पूर्वाने त्याच्यासाठी राखून आणलेला पेढ्यांचा पुडाच पुढे केला. "चारही दिवस खेळलात."

त्याने पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. "एका फटक्याने गेलो. शुक्रवारीच."

"मग... फोन?"

"लावला होता, हॉटेलातून. वाजायच्या आत ठेवून दिला." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "मी फोन केला असता, तुम्ही 'बरं' म्हणाला असता, तारीख बदलली असती. पण तो सोमवार तुम्ही टाकला होता. मी आशा सोडली होती, आणि माझ्या वाटची ती कुणीतरी धरून बसलं होतं. ते मोडवेना. मग राहिलो सोमवारपर्यंत."

"पदरचे पैसे घालून?"

"घालून. शनिवारी मैदानावर गेलो, दोरीच्या बाहेर उभा राहून खेळ बघितला. वाटलं होतं, आत जायला जीव तुटेल. नाही तुटला. मग हॉटेलात येऊन झोपलो, तो रविवारी उठलो. तीन वर्षांत असा झोपलो नव्हतो." त्याने मान वर केली. "हडपसरची नोकरी घेतलीय."

पूर्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याच्यासाठी की स्वतःसाठी, हे तिला ठरवता येईना.

"वाईट वाटलं?" त्याने विचारलं.

"तुम्ही जिंकावं, असं मला खरंच वाटत होतं हो."

"माहितीये. तिकिटावर लिहिलं होतं." मग आवाज खाली आणून, "एक विचारू? शुक्रवारी माझा फोन यावा असं वाटायचं तुम्हाला, की येऊ नये?"

श्रीनिवासरावांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. उलटं धरलं होतं.

"येऊ नये," पूर्वा म्हणाली. "पण... आला की बरं वाटायचं. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा राग यायचा."

अभय पहिल्यांदाच नीट हसला, आणि मग त्याने पेढा खाल्ला. "मला कट हुकल्याचं दुःख फोन लावेपर्यंतच असायचं," तो म्हणाला. "हे मी कुणाला सांगणार?" मग बॅग उचलून तो जिना उतरला.

शुक्रवारी ऑफिस बंद करायच्या वेळेला पूर्वाचा मोबाइल वाजला.

"पूर्वा मॅडम? मी अभय ओव्हाळ बोलतोय."

"कुठून?"

"खालून. टीव्हीच्या दुकानासमोरून. मैदानावरून थेट आलोय, बूट चिखलाचे आहेत."

"पाऊस आहे का तिकडे?"

"थोडा आहे. छत्री एकच आणलीय." तो घुटमळला. "मॅडम, तिकीट हवं होतं. धायरीचं. दोन माणसं."

पूर्वाने घड्याळाकडे बघितलं. घरी या वेळेला आई गॅसवरचं काहीतरी हलवत, लेकीची वाट बघत असणार. "आणि परतीचं?"

"परतीचं एकाच माणसाचं. किती वाजताचं, ते तुमच्या आई ठरवतील."

"पूर्वाबाई," वर्तमानपत्रामागून श्रीनिवासराव म्हणाले, "पीएमटीची तिकिटं आपण विकत नाही."

"माहितीये, सर." तिने पर्स खांद्याला लावली. फोन अजून कानाला होता.

"हॅलो?" खालून आवाज आला. "मॅडम, आहात ना?"

"बोलत राहा," ती म्हणाली. "मी जिना उतरतेय."