चौऱ्याण्णवचं कोडं

दार उघडलं तेव्हा तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, गालावर धुळीचा पट्टा होता, आणि राग... तो तर नाकाच्या शेंड्यावरच बसला होता.

"इंटरनेटची तक्रार तुमचीच ना?" दारातल्या तरुणाने विचारलं. खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात बॅग. इंटरनेट कंपनीचा लाइनमन.

"माझीच. तिसऱ्यांदा केलेली," ती म्हणाली. "या. फक्त 'बंद करून चालू करा' एवढं सोडून काहीही सांगा."

तो हसला. हसताना त्याची डावी भुवई जरा वर जायची. ते तिला नेमकं दिसलं, आणि ती उगाचच आणखी कडक झाली.

तिच्या खोलीत, टेबलाखालच्या फळीवर, तिचा अभिमान घुरघुरत होता. ऑफिसने भंगारात काढलेला जुना कॉम्प्युटर, त्यात तिने बसवलेली दोन नेटवर्क कार्डं, आणि चार महिन्यांच्या सगळ्या सुट्ट्या घालून केलेला फायरवॉल राउटर. घरातलं सगळं इंटरनेट यातूनच गाळून यायचं आणि नको तो पाहुणा दारातूनच परत जायचा. पेशाने ती इमारतींचे नकाशे काढणारी. हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. वाचून, चुकून, पुन्हा वाचून ती शिकली होती. घरी कुणी आलं की पाण्याच्या आधी हे खोकं दाखवलं जायचं!

पण महिन्यापूर्वी नवी लाइन घेतली आणि खोक्याची अब्रू धोक्यात आली. लाइन हजार मेगाबिटची, हातात पडायचे चौऱ्याण्णव. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या तिच्या बाबांनी सकाळीच निकाल जाहीर केला होता. "आज सुटलं नाही, तर तुझं खोकं भंगारात आणि कंपनीचा डबा त्याच्या जागी."

लाइनमनने बॅगेतून लॅपटॉप काढला, वायर काढली आणि दाराजवळच्या कंपनीच्या मोडेमला जोडली. आकडा आला... नऊशे एकेचाळीस.

"बघा. आमची लाइन ठणठणीत आहे. दुखणं तुमच्या खोक्यात."

"खोकं नाही म्हणायचं. ते फक्त मी आणि बाबा म्हणतो."

"मग मी काय म्हणू?"

"राउटर. आदराने."

भुवई पुन्हा वर गेली. "बरं, राउटरसाहेब. पण आमच्याकडे दोष नाही हो. माझ्या हातची वायर दोन वर्षांत एकदाही परत आलेली नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या घरात ऐकून घेणार नाही मी," ती म्हणाली आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. फायरवॉलचा एकेक पहारा तिने कालच उठवून पाहिला होता, तरी आकडा तोच. यंत्रावर भारही नव्हता. तो वाकून वाचत राहिला. प्रत्येक नियमापुढे तिने तो कशासाठी, ते नीट लिहून ठेवलं होतं.

"हे सगळं... तुम्ही एकटीने?"

"दुकटीने करायला कोण होतं?" ती बोलून गेली. मग दोघांनाही स्क्रीनवर फारच महत्त्वाचं काहीतरी दिसू लागलं.

"मी रोज कंपनीचे डबे बसवतो," तो हळूच म्हणाला. "असं काम पहिल्यांदाच बघतोय."

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आकडा मात्र जागचा हलेना. चौऱ्याण्णव... चौऱ्याण्णव... आणि अचानक तिच्या लक्षात आलं.

"थांबा. यंत्र दमलं असतं तर आकडा कधी ऐंशी, कधी दोनशे आला असता. हा हलतच नाही. म्हणजे वाटेत कुणीतरी शंभरावर कुलूप घातलंय; शंभरातले प्रत्यक्षात एवढेच हाती लागतात. तुम्ही मघाशी लॅपटॉप कोणत्या वायरने जोडलात?"

"माझ्या. बॅगेतल्या."

"आणि मोडेमपासून इथवर येणारी ही निळी वायर?"

त्याचा चेहरा पडला.

"ती... महिन्यापूर्वी मीच टाकली. तुम्ही ऑफिसात होतात."

त्याने निळी वायर लॅपटॉपला जोडली. चौऱ्याण्णव! मग टोक खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. आतल्या आठ तारांपैकी सात टोकाला भिडल्या होत्या. तपकिरी तार तांदळाएवढी आखूड पडली होती. हजारासाठी आठही लागतात; म्हणून दोन्हीकडची यंत्रं मुकाट्याने शंभरावर समाधान मानत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची वेळ आली होती.

"काय, सापडला का खोक्यातला दोष?" बाबा दारात उभे होते.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. तिला एकदम त्याची दया आली. "बाबा, ते... वायर जराशी सैल—"

"सैल नव्हती, काका," तो मध्येच म्हणाला. "मीच चुकीची बसवली. आज तपासतानाही तीच सोडून बाकी सगळं तपासलं, कारण ती माझ्या हातची होती. महिनाभर यांच्या कामावर आळ आला तो माझ्यामुळे. आणि चूक शोधली तीसुद्धा यांनीच."

बाबांनी आयुष्यभर 'मी नाही सर, त्याने' हेच ऐकलं होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग लेकीकडे वळले. "माझंही चुकलं गं. तुझा राउटर इथेच राहणार," ते म्हणाले आणि त्याच्यासाठी स्वतः पाणी आणायला गेले.

त्याने तारा दाबायचा चिमटा तिच्यापुढे धरला. "नवं टोक तुम्ही बसवा."

"चुकले तर?"

"तर मला पुन्हा यावं लागेल."

"मुद्दाम चुकणं मला जमत नाही," ती म्हणाली. आठही तारा तिने अशा नेमक्या बसवल्या की तो बघतच राहिला. चिमटा परत देताना बोटं बोटांना लागली... आणि लागलेली राहिली, अगदी क्षणभरच. आकडा आला नऊशे अडतीस. तिच्या राउटरमधून!

तक्रारीच्या कागदावर 'कारण' या रकान्यात त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'आमच्या लाइनमनची चूक.'

"साहेब ओरडतील ना?"

"ओरडू देत. खरं आहे ते."

'ग्राहकाचा शेरा' तिने लिहिला, कागदाची घडी केली आणि त्याच्या हातात दिली. तो गेला. जिन्यावरची पावलं एक मजला उतरली, थांबली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली.

"हे काय लिहिलंय?" तो दारात धापा टाकत म्हणाला. "'तक्रार मिटली. माणूस चोख आहे. रविवारी पुन्हा पाठवावा. काम काहीही नाही.' काम नाही, तर मी यायचं कशाला?"

आजवर तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. पण आपली चूक अशी चारचौघांत उचलून घेणारा माणूसही तिला आजवर भेटला नव्हता.

"मला तुम्ही आवडलात," ती म्हणाली. "बाबांसमोर खरं बोललात ना, तेव्हाच. आता तुमचं काय ते तुम्ही सांगा."

"मी तर... तुम्ही वायरचं विचारलंत तेव्हाच हरलो होतो."

"चेहरा तर पडला होता!"

"पडला होता. पण हरल्याचा एवढा अभिमान मला कधीच वाटला नव्हता." त्याने कागदाची घडी जपून वरच्या खिशात ठेवली. "रविवारी किती वाजता येऊ?"

"चारला," ती म्हणाली, आणि मान ताठ ठेवूनच लाजली.