सपकाऱ्यामागची टकटक

"माइकला लागू देऊ नकोस. अगदी शेजारून ने, पण जोरात," चिमटी म्हणाली.

तिच्या मावसभावाने, भोपूने, छडी फिरवली. सूंऽऽप! आवाज जिन्यात घुमत खाली गेला.

मामा घरीच व्हिडिओ जोडायचे. एक दृश्य सरकून दुसरं येताना वाऱ्याचा सपकारा लागतो आणि सगळीकडे तेच ते विकतचे सपकारे ऐकून मामांचे कान किटले होते. म्हणून सुट्टीला आलेल्या भाचरांना त्यांनी माइक, हेडफोन आणि चौथ्या मजल्यावरचा जिना बहाल केला होता. छडीचा सपकारा बारीक यायचा, ओल्या टॉवेलचा जाड. कॉम्प्युटरवर संथ केला की तोच टॉवेल वादळासारखा घोंघावायचा.

चिमटीने आत जाऊन नवा सपकारा संथ करून ऐकला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. वाऱ्यामागे काहीतरी वाजत होतं. टक्. टक्. टक्.

"लिफ्ट चालली होती तेव्हा," तिचा धाकटा भाऊ सावकाश म्हणाला. तो सगळंच सावकाश करायचा, म्हणून त्याला गोगलगाय म्हणत.

तिने कालचा आवाज लावला. त्यातही लिफ्ट होती, पण टक् एकदाच. म्हणजे एका दिवसात वाढलं होतं. चिमटी जिन्याने खाली धावली.

तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर बोलत होते. तिचं ऐकून त्यांनी हात झटकला. "अगं, मागच्याच आठवड्यात मेकॅनिक गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूममध्ये जाऊन सगळं तपासून गेलाय. खेळा जा."

आपलंच चुकत असेल, असं तिला वाटलं. तरी पाय गच्चीकडे वळलेच. मशीनरूमच्या कुलपापासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं पसरलेलं होतं. जुनं, धुळीने जाड झालेलं.

"इथे आठवडाभरात कुणी आलंय?" भोपू कुजबुजला. एरवी त्याला कुजबुजता येत नसे.

तेवढ्यात खाली टेम्पो थांबला. दोन हमालांनी लोखंडी कपाट उतरवलं आणि दरवाजाकडे नेलं. ते लिफ्टनेच वर येणार होतं, हमालांसकट. तिघं धावत घरी आली. मामा बाहेर गेले होते; चिमटीने त्यांना फोन लावला, तर तो टेबलावरच वाजला.

"लिफ्ट वर बोलवायची आणि दार लावायचंच नाही," चिमटी म्हणाली. "दार उघडं असलं की ती हलत नाही. पण आत कुणी पाऊल टाकायचं नाही."

चौथ्या मजल्यावर तिने बटण दाबलं. लिफ्ट रिकामीच वर येऊ लागली. टक्. टक्. आता हेडफोनही लागत नव्हता. लिफ्ट थांबताच भोपूने दार ओढलं आणि फटीत माइकचं जड स्टँड आडवं घातलं.

खालून हाका सुरू झाल्या. "लिफ्ट कुणी अडवलीय?"

गोगलगाय कठड्यावरून वाकला. "कोण... विचारतंय?"

"मी! सेक्रेटरी!"

"कुठल्या... मजल्यावरून?"

शेवटी सेक्रेटरी धापा टाकत वर आले. चेहरा लालबुंद. चिमटीने हेडफोन पुढे केला. "काका, ओरडा नंतर. आधी ऐका. हे कालचं. आणि हे आजचं."

त्यांनी ऐकलं. मग ती त्यांना गच्चीवर घेऊन गेली. त्यांनी जाळ्याला बोट लावून धूळ पाहिली.

"मेकॅनिक मला म्हणाला, आत जाऊन पाहिलं," ते पुटपुटले, "आणि मी मान डोलावली."

त्यांनी लिफ्ट बंद केली आणि कंपनीकडून दुसरी मेकॅनिक बोलावली. तिने कुलूप काढून आत बॅटरी मारली. एका पोलादी दोराच्या बऱ्याच तारा तुटून बाहेर आल्या होत्या आणि चाकावरून जाताना पत्र्याला आपटत होत्या.

"बाकीचे दोर आहेत, त्यामुळे लगेच कोसळली नसती," ती म्हणाली, "पण त्या कपाटाचं ओझं घालून मी तरी आत उभी राहिले नसते. हा आवाज मला द्याल का? नव्या पोरांना ऐकवीन."

हमालांतल्या थोरल्याने भोपूच्या पाठीवर थाप मारली. सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत सांगितलं, "मी ऐकलं नाही. या तिघांनी ऐकलं. शाबास रे पोरांनो."

मामा आले तेव्हा चिमटी जिन्यात एकटीच बसली होती.

"घाबरली होतीस?"

"अजून घाबरलेलीच आहे," ती म्हणाली.

मामा शेजारी टेकले आणि ती उठेपर्यंत तिथेच बसून राहिले.