डाग सरकला तर…

टोपलीत पावाचा एकच तुकडा उरला होता आणि त्यावर दोन हात एकदमच पडले.

"घे तू," तो म्हणाला. "मला नुसता अव्होकाडोही चालतो."

यास्नाने हसून पाव अर्धा केला. संध्याकाळचा चहा चालला होता. बाहेर डोंगरावरचा वारा वेधशाळेची तावदानं खडखडवत होता. त्याचं नाव लेआंद्रो, वाल्पराइसो शहरातून नुकताच आलेला, दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचा जाणकार. बोलता बोलता तिने त्याला फोटो दाखवला—धुक्याच्या फुंकरीसारखा एक पुसट ठिपका.

"खुजी दीर्घिका आहे. मी शोधलेल्या तिघींतली सगळ्यात लाडकी. सोमवारी प्रबंधाच्या समितीपुढे ठेवायचीय."

त्याचं चावणं थांबलं. "शेजारी ठळक तारा आहे का गं?"

"आहे. का?"

"नाही… कॅमेऱ्याच्या भिंगांवर आपटून त्याचा उजेड परतला की फोटोत असाच डाग पडतो कधी कधी."

"तू पाव खा," ती म्हणाली. पण स्वतःचा अर्धा तुकडा मात्र तिने बशीत परत ठेवला.

"दुर्बीण जराशी हलवून पुन्हा फोटो घेऊ," तो हळूच म्हणाला. "खरी असेल तर ताऱ्यांमध्ये आपली जागा सोडणार नाही. डाग असेल तर सरकेल."

"आणि सरकला तर?"

"तर… माझं तोंड बघू नकोस."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. राग त्याचा यायला हवा होता. आठवत मात्र राहिला तो त्याचा ओशाळलेला चेहरा. याचीच तिला जास्त भीती वाटली.

रात्री घेतलेले नवे फोटो सकाळी आले तेव्हा तिने डोळ्यांवर हात ठेवले. "तूच बघ. आणि गोड बोलू नकोस."

त्याने पडद्यावर जुना फोटो नव्याशेजारी लावला.

"सरकलाय, यास्ना."

तिने हात काढले. ठिपका खरंच दुसरीकडे होता. दोन वर्षांचं काम… तिचे डोळे भरून आले.

"मी रात्रभर मनात म्हणत होतो, माझंच चुकू दे," तो म्हणाला. "असं पहिल्यांदाच झालं."

"का?"

"तू पुन्हा बोलणार नाहीस म्हणून. आणि… तू आवडतेस म्हणून."

ती पडद्याकडेच बघत राहिली. मग शेजारची खुर्ची तिने पायाने त्याच्याकडे ढकलली.

"बस. अजून दोन तपासायच्यात. मला एकटीला धीर होणार नाही."

"त्याही सरकल्या तर?"

"तरी तू बस."