बापूंनी इंजिन बंद केलं तेव्हा

आधी मला त्याचे पाय दिसले. कळसाडीतल्या आमच्या विहिरीवर, नव्या पंपाखाली कुणीतरी आडवं पसरलं होतं.

"जित्ता शे का?" मी विचारलं.

"पानी उनं तं जित्ता..."

पाणी आलं तरच जिवंत, असं म्हणत तेलानं माखलेला चेहरा बाहेर आला – आणि हसला मेला!

तो रूपचंद, शिंप्याचा मुलगा, नंदुरबारच्या एका कारखान्यातला मिस्त्री. तिथे विजेच्या मोटारीवर याच पंपानं धो-धो पाणी फेकलं होतं. आमच्या गावात तेव्हा वीज कुठली! इथे तेलाच्या इंजिनावर पाणी यायचं ते चूळभर. पोरींनी इंजिनाजवळ फिरकायचं नाही, असं माझ्या वडिलांनी, बापूंनी बजावलं होतं. म्हणून तर त्याची रोजची भाकरी पोचवायचं काम मी कुणाला दिलं नाही.

शेवटी बापू चिडले. "सांजलोंग पानी नही चढनं तं पंप बी जाई नि मिस्तरी बी!"

मी धावत घरी गेले. पंपासाठी नव्हे.

शिवणाच्या मशीनची दोन रिळं आणून मी त्याच्यासमोर दोन खिळ्यांवर बसवली, त्यांना दोरी घातली. "हाई इंजिन, हाऊ पंप. तुन्हा कारखानामा मोटार कोनीकडे फिरे?"

त्यानं हवेत बोट फिरवलं. मग इंजिनाच्या चाकाकडे पाहिलं – बोट थांबलं. "रेवा... हाई तं उलटं फिरी ऱ्हायनं!"

"मंग इतला दिन तू काय देखी ऱ्हायंता?"

"तुले..."

माझे कान तापले. मी दोरीला मधोमध फुलीसारखी अढी घातली. दुसरं रीळ पहिल्याच्या उलट फिरू लागलं. त्यानं इंजिन थांबवून पट्ट्याला तशीच अढी घातली, पुन्हा हँडल मारलं. नळ खोकला आणि पाणी केळीत धावलं.

बापू धावत आले. इंजिनाच्या धडधडीत कुणाचं कुणाला ऐकू येईना. रूपचंद अवजारं भरायला लागला. पाणी चढलं तरी तो जाणारच की! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"परत कव्हय येशी?" मी ओरडले.

"पंप बिघडना तं!"

"मी बिघाडसू!"

"काय? आयकू नही येत!"

मी सगळा जीव एकवटून तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच बापूंनी इंजिन बंद केलं.

"मी तुन्हासंगेच लगीन करसू!"

शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांचे हात थांबले. आम्हा गुजरांच्या घरात आजवर कुठली पोर असं बोलली नव्हती.

"काय म्हननी तू?" बापू इंजिन सोडून माझ्यासमोर आले. "तो आपला समाजना नही!"

जीभ चावून घरी पळता आलं असतं. मी पदर खोचला.

"आते इंजिन बंद शे, बापू. हळू सांगस – मी येन्हासंगेच लगीन करसू."

रूपचंदनं अवजारांची पेटी खाली ठेवली आणि तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.