पाचव्या भागातली मुलगी

"हा माणूस तिसऱ्या पानावर मेलाय, आणि पाचव्या पानावर चहा पितोय!"

मी मान वर न करताच ओरडले. समोर आमचे कंपोझिटर असतील असं वाटलं होतं. उत्तर आलं ते अनोळखी आवाजात, जरासं घाबरून —

"मेला न्हाई तो... मामांच्या टीव्हीला मुंग्या आल्या हुत्या. मधलं दिसलंच न्हाई."

मी वर पाहिलं. उंच, सावळा, खिशाला शाईचा डाग. नजरेला नजर भिडली आणि त्यानं पटकन हातातली वही उघडली... उलटी!

चौऱ्याहत्तरचा जानेवारी होता. नगरमध्ये काकासाहेबांच्या छापखान्यात मी प्रुफं तपासायची. हा कानिफनाथ — मूळचा काष्टीचा, नगरच्या हायस्कूलात विज्ञान शिकवणारा. पुण्यात नुकताच टीव्ही दिसायला लागला होता. त्यावर दर शनिवारी 'शुक्रयान' नावाची मालिका लागायची. अवकाशयानातून शुक्राकडे निघालेल्या माणसांची गोष्ट. हा एसटीनं पुण्याला मामांकडे जायचा, अंधारात वहीत टिपणं काढायचा आणि सोमवारी नवा भाग लिहून आणायचा. नगरमध्ये टीव्हीच नव्हता. इथल्या पोरांनी निदान वाचावं तरी, म्हणून त्याला मासिक काढायचं होतं. नावही तेच, 'शुक्रयान'. मालिकेच्या लेखकाकडून पत्रानं परवानगीही आणली होती. पहिला अंक पाडव्याला.

"एवढं पुण्याला जाता, थकत नाही?" मी एकदा विचारलं.

"जाताना थकतो," तो म्हणाला. "सोमवारी उतरतं सगळं."

"सोमवारी काय असतं?"

"प्रुफं असतात की!" आणि कान लाल.

पाचव्या भागापासून मात्र मी वेडीच झाले. यानात वैजू नावाची मुलगी आली होती. ती कप्तानाच्या चुका काढायची, रागावली की वेणीत पेन्सिल खोचायची आणि एकटी असली की खिडकीतून पृथ्वी शोधत बसायची. सातव्या भागात तिच्या खोलीतली हवा संपत आली तेव्हा मी प्रुफावरच रडले.

"वाचते का हो ती? सांगा ना!"

"पुढच्या शनिवारी कळंल." तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुमी नका रडू... वाचंल ती. मला वाटतं, वाचंलच."

पाडव्याच्या सकाळी वाचनालयाचा हॉल भरला. आई आणि दादा, म्हणजे माझे वडीलही आले होते. टेबलावर तीनशे अंक, आणि प्रकाशनाला मुंबईहून खुद्द मालिकेचे लेखक. वाट पाहता पाहता त्यांनी एक अंक उचलला. पानं उलटली. थांबले. पुन्हा उलटली.

"कानिफनाथ, ही वैजू कोण?"

त्यांनी अंक वर धरला.

"आमच्या यानात तीन पुरुष होते. बाई नव्हतीच! आणि मालिका तर चौथ्या भागातच बंद पडली. हे नऊ भाग आले कुठून?"

माझ्या हातातला फुलांचा हार खाली पडला. मी कानिफनाथकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही... आणि माझा हात आपोआप वेणीकडे गेला. पेन्सिल. रोजच्यासारखी. मला कुणीतरी भर हॉलात हाक मारावी तसं झालं. 

"मी लिहिले," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की पुढच्या रांगेलाच ऐकू गेला असेल. "चुकलं माझं, साहेब. अंक वाटत न्हाई."

लेखकांनी चष्मा लावून सातवा भाग तिथंच उभ्यानं वाचला. सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"अंक वाटा," शेवटी ते म्हणाले. "पण खरं छापून. पहिले चार भाग माझे, पुढचे तुमचे."

काकासाहेब धावत छापखान्यात गेले. अर्ध्या तासात चिठ्ठ्या छापून आल्या. लोकांना चहा गेला, आणि मागच्या खोलीत आम्ही दोघं खळ घेऊन अंकांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसलो.

पन्नास अंक चिकटवून झाले.

"मी रडले होते," मी म्हणाले. "आणि तुम्ही बघत बसलात!"

"मालिका बंद झाली म्हणून सांगितलं असतं, तर सोमवारी छापखान्यात यायचं कोणत्या तोंडानं?"

"म्हणून खोटं?"

"व्हय... लई वाईट केलं."

"तीनशे अंकांत मी आहे, कानिफनाथ. मला एका शब्दानं विचारलंत?"

त्याच्या हातातली चिठ्ठी बोटालाच चिकटली. ती सोडवत तो म्हणाला, "आता विचारू?"

"अंक तर छापून झाला!"

"अंकाचं न्हाई, चांगुणा..."

पहिल्यांदाच नुसतं 'चांगुणा'. बाई नाही, अहो नाही. सकाळपासून इतके धक्के बसले होते, तरी हा सगळ्यांत मोठा. मी रागावलेलीच होते, अगदी मनापासून रागावलेली — मग हे ओठ का हसत होते?

"संध्याकाळी घरी या," मी खळीच्या वाटीत बघत म्हणाले. "जे विचारायचं ते दादांसमोर विचारा. आणि एक शब्द जरी खोटा निघाला..."

"न्हाई निघणार."

तो आला. थोरल्या भावाला घेऊन, इस्त्रीच्या शर्टात, घामाघूम. आमचे दादा कोर्टात कारकून. समोरच्याला पाणी पाजूनही घाम फोडायची सवय. पण त्या दिवशी त्यांच्या मांडीवर अंक होता. बराच वेळ ते वाचतच राहिले. मी दाराआड, आई माझ्या मागे.

"मास्तर," अखेर दादा म्हणाले, "नवव्या भागात यान भरकटलंय. ते परत येतं का?"

कानिफनाथ गडबडला. "ते... ते अजून ठरलं न्हाई, दादा."

"ठरवू ना आम्ही!" मी बोलून गेले.

आम्ही!

आईनं पदर तोंडाला लावला. कानिफनाथ जमिनीकडे बघत होता, आणि त्याचे कान असे पेटले होते की मला दारातूनही दिसत होते. दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अगं," त्यांनी आईला हाक मारली, "चहा राहू दे. गोडाचं काहीतरी कर."